कॉर्डलेस ड्रिल घेताय? आधी भिंत ओळखा

प्रश्न असा: ठाण्यात नव्या टॉवरमध्ये टू बीएचके घेतलाय. पडद्यांचे रॉड, दोन-तीन शेल्फ, बाथरूममधले टॉवेल रॉड, टीव्हीचं ब्रॅकेट आणि अधूनमधून कपाटाच्या बिजागऱ्यांचे ढिले स्क्रू, एवढी कामं घरच्या घरी करायची आहेत. बजेट आठ हजार. ऑनलाइन अडीच हजारांत '४८ व्होल्ट'चं, दोन बॅटऱ्यांचं ड्रिल दिसतंय. नावाजलेल्या कंपनीचं १२ व्होल्टचं मात्र त्याच्या दुप्पट-अडीचपट किमतीला आहे. जास्त व्होल्टचं स्वस्तात मिळतंय, तर कमी व्होल्टचं महागात कशाला घ्यायचं?

त्या ४८ची गंमत पुढे सांगतो. आधी भिंतीचं बोलू, कारण इथे आकड्यापेक्षा भिंत मोठी. त्याच ड्रिलने एका घरात पंधरा सेकंदांत भोक पडतं आणि शेजारच्या इमारतीत पाच मिनिटं रेटलं तरी नुसता धूर निघतो. मग लोक ड्रिलच्या नावाने बोटं मोडतात.

आपल्याकडच्या घरांत साधारण चार-पाच प्रकारच्या भिंती सापडतात. जुन्या सोसायट्यांमध्ये विटा आणि त्यावर सिमेंटचा गिलावा. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बऱ्याच इमारतींमध्ये हलके, पांढरट-राखाडी एएसी ब्लॉक, ज्यांना पुण्या-मुंबईकडे सरसकट 'सिपोरेक्स' म्हणतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा. देशावरच्या जुन्या घरांत काळा दगड. आणि मुंबई, ठाणे, पुण्याच्या नव्या टॉवरमध्ये 'मायवान'. यात ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, त्यामुळे बाहेरच्याच काय, बेडरूममधल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, आत सळईसकट. तुमची इमारत या शेवटच्या प्रकारातली असण्याची दाट शक्यता आहे. बिल्डरच्या माणसाला किंवा सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला सरळ विचारा, "भिंत मायवानची आहे का ब्लॉकची?" त्याला ते पाठ असतं.

विचारायला कोणी नसेल तर कपाटामागे लपेल अशा जागी ६ मिमीचं एक भोक पाडून बघा. पहिले १२-१५ मिमी गिलावा असतो, त्याच्या पुडीवर जाऊ नका. त्यानंतर जे बाहेर पडतं ते बघा. विटकरी-लाल पूड पडली तर वीट. पांढरट, रव्यासारखी पूड भराभर सांडली आणि बिट काही विरोध न होता आत गेलं, तर सिपोरेक्स. राखाडी, टाल्कमसारखी बारीक पूड चिमूटभरच पडली आणि बिट जागच्या जागी फिरत राहिलं, तर काँक्रीट. मायवानच्या भिंतीला गिलावा जवळजवळ नसतोच, वर फक्त पुट्टी किंवा जिप्समचा पातळ थर असतो. त्यामुळे दोन-चार मिलिमीटरवरच बिट अडकतं.

विटांच्या घरात राहणाऱ्यांनीही लगेच सुटकेचा श्वास सोडू नये. बहुतेकांचं पहिलं काम पडद्याचा रॉड असतो आणि खिडकीच्या वर विटा नसतात, लिंटेल असतो, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई. अख्ख्या घरात सगळ्यात कठीण जागा हीच आणि नवं ड्रिल आणल्यावर पहिलं भोकही इथेच. ड्रिल 'कुचकामी' असल्याच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ या लिंटेलमध्ये असतं. लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ ते २० सेंमी भिंतीत गेलेला असतो. ब्रॅकेट खिडकीच्या कडेपासून २५ सेंमी बाहेर घेतलं तर बऱ्याचदा वीट लागते आणि पडदा सरकवल्यावर खिडकीही पूर्ण उघडी दिसते. काही इमारतींमध्ये लिंटेलची पट्टी अख्ख्या भिंतीभर फिरवलेली असते, तिथे हा उपाय चालत नाही.

आता मशीन. दुकानात 'ड्रिल' या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू असतात.

साधं ड्रिल-ड्रायव्हर फक्त फिरतं. लाकूड, प्लाय, पत्रा, सिपोरेक्स आणि स्क्रू पिळणं एवढी त्याची कामं. त्यालाच हॅमरची सोय जोडली की इम्पॅक्ट ड्रिल किंवा हॅमर ड्रिल होतं. कॉलरवर, म्हणजे पुढच्या फिरवायच्या कड्यावर, हातोडीचं चिन्ह असतं. आत दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींवर घासतात आणि बिटाला मिनिटाला हजारो बारीक ठोके बसतात. पण प्रत्येक ठोका अगदी हलका, आणि तोही तुम्ही मागून दाब द्याल तरच. वीट, जांभा, गिलावा यांना हे पुरतं. काँक्रीटमध्ये ५-६ मिमीचं एखाद-दुसरं भोक घाम गाळून पडतं. तिसरं मशीन रोटरी हॅमर. त्यात दट्ट्या असतो, तो हवेच्या दाबाने बिटाच्या मागच्या टोकावर खरोखर हाणतो. त्याची ताकद जूलमध्ये मोजतात, छोट्या मशीनचे १ ते २ जूलही घरच्या कामाला भरपूर. त्याचं बिट वेगळं, मागे खाचा असलेलं एसडीएस-प्लस. हे मशीन दाबायचं नसतं, नुसतं धरायचं. काँक्रीटच्या भिंतीसाठी हेच. चौथं इम्पॅक्ट ड्रायव्हर, ज्याला चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, नसतो, सहाकोनी भोक असतं. 'इम्पॅक्ट' शब्दामुळे लोक हेच भिंतीसाठी घेऊन येतात. ते लांब स्क्रू आणि नटबोल्ट पिळायचं मशीन आहे. त्याचे ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात, पुढे बसत नाहीत, त्यामुळे भिंतीला त्याचा उपयोग नाही.

यावरून निवड सोपी होते. वीट, जांभा किंवा सिपोरेक्स असेल तर १२ व्होल्टचं हॅमरवालं कॉर्डलेस ड्रिल घरासाठी पुरेसं आहे. सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतील तर कुठलंही हॅमर ड्रिल, अगदी १८ व्होल्टचं महागातलं ब्रशलेससुद्धा, तुम्हाला दमवणार. १८ व्होल्टने फिरण्याचं बळ वाढतं, ठोका तसाच हलका राहतो. आणि वर्षाकाठी दहा भोकंच पाडायची असतील, जवळ प्लग असेल, तर वायरवालं १३ मिमी चकचं इम्पॅक्ट ड्रिल निम्म्या पैशांत येतं. पाच वर्षं माळ्यावर पडून राहिलं तरी त्याची बॅटरी मरत नाही, कारण ती नसतेच. कॉर्डलेसचा खरा फायदा आहे स्क्रू पिळण्यात, शिडीवर उभं राहून काम करण्यात, आणि आणखी एका गोष्टीत जी फारशी कोणी सांगत नाही: मेन स्विच बंद करून भोक पाडता येतं. भिंतीतल्या वायरची भीती असेल तिथे ही मोठी सोय आहे.

आता ते ४८ व्होल्ट. लिथियम-आयन सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचा. तीन सेल म्हणजे १०.८, त्यालाच बाजारात '१२ व्होल्ट' म्हणतात. पाच सेल म्हणजे १८, त्यालाच कुणी '२० व्होल्ट मॅक्स' तर कुणी '२१ व्होल्ट' लिहितं. म्हणजे १८, २० आणि २१ हे तिन्ही एकच. यात खोटं काही नाही, फक्त मोजायची वेळ वेगळी. ४८, ८८, ९८ हे आकडे मात्र शुद्ध सजावट आहे. काहींवर आकड्यापुढे 'व्हीएफ' अशी दोन अक्षरं चिकटवलेली असतात, विचारलं तर व्होल्ट म्हटलंच नव्हतं म्हणायची सोय. खरं काय ते चार्जर सांगतो. त्याच्या स्टिकरवर आउटपुट वाचा. १२.६ व्होल्ट असेल तर आत तीन सेल, १६.८ म्हणजे चार, २१ म्हणजे पाच, २५.२ म्हणजे सहा. '४८'च्या खोक्यातला चार्जर बहुतेकदा २१चा निघतो.

ॲम्पिअर-अवरची, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्या आकड्याचीही, अशीच झडती घेता येते. चार्जरवर ०.५ ॲम्पिअर लिहिलंय आणि पूर्ण उतरलेली बॅटरी तीन तासांत हिरवा दिवा दाखवते, तर तिच्यात जास्तीत जास्त ०.५ गुणिले ३, म्हणजे १.५ ॲम्पिअर-अवर गेले. खोक्यावर ४ लिहिलेलं असू दे की ६. दुसरी खूण जाडीची. ड्रिलमध्ये जे १८६५० मापाचे सेल येतात त्यांचा एक पदर म्हणजे पाच सेल, त्यात चांगल्यातले चांगले सेल घातले तरी ३-३.५च्या वर जात नाही. सडपातळ पॅकवर ६ लिहिलेलं दिसलं की समजायचं.

स्वस्त पॅक लवकर मरतात त्याचं कारण वेगळंच. जोर लागताना ड्रिल बॅटरीतून दहा-वीस ॲम्पिअर ओढतं. एवढा प्रवाह द्यायला खास जातीचे सेल लागतात. स्वस्त पॅकमध्ये पॉवर बँकला चालतील असे साधे सेल भरलेले असतात. ते तापतात, व्होल्टेज कोसळतं, ड्रिल मध्येच बसतं. शिवाय पाच सेलमधला एक कमकुवत निघाला तर तो प्रत्येक वेळी आधी रिकामा होतो, आणि सेल समान पातळीवर ठेवणारं सर्किट नसल्याने त्याची अवस्था दर चार्जिंगला आणखी बिघडते. सहा-आठ महिन्यांत 'पूर्वी दिवसभर चालायचं, आता चार स्क्रूत बसतं' असं होतं. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून सेल बदलून घेतले तरी त्याने लॅपटॉपचे जुने सेल घातले असतील तर पुन्हा तेच. बदलायचेच असतील तर जास्त प्रवाह देणारे सेल आणि स्पॉट वेल्डिंग, या दोन्ही अटी घालूनच द्या. सेलवर थेट डाग देणाऱ्याकडे देऊ नका.

म्हणून विश्वासार्ह ड्रिल म्हणजे बहुतांशी विश्वासार्ह बॅटरी. तुम्ही मशीन विकत घेत नाही, बॅटरीचं कुटुंब विकत घेता. पाच वर्षांनी तीच बॅटरी दुकानात मिळेल का, हा खरा प्रश्न. इथे नावाजलेल्या कंपन्या महाग असूनही परवडतात, पण त्यांच्यातही खाचखळगे आहेत. बॉशच्या निळ्या आणि हिरव्या मालिकेच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकींना चालत नाहीत, आणि निळ्यातही १२ची १८ला बसत नाही. मकिताच्या १८ व्होल्टमध्ये एलएक्सटी आणि जी-सिरीज अशा दोन वेगळ्या जाती आहेत, दुकानदार 'मकिताचीच आहे' म्हणून देईल पण ती बसणार नाही. डिवॉल्टची '२० व्होल्ट मॅक्स' आणि '१८ व्होल्ट एक्सआर' मात्र एकच. पुढे-मागे कटर किंवा ब्लोअर घ्यायचा विचार असेल तर आताच १८च्या कुटुंबात शिरा. नुसतं ड्रिलच हवं असेल तर १२ बरं. बॅटरीसकट जेमतेम किलोभर वजन असतं, १८वालं दीड किलोच्या पुढे जातं. हा अर्ध्या किलोचा फरक टेबलावर कळत नाही. हात डोक्याच्या वर नेऊन मिनिटभर धरा, खांदा लगेच सांगतो.

बॅटऱ्या दोन हव्यात, त्यापेक्षा मोठी एक नको. एक चार्जिंगला, एक कामाला. 'सोलो' किंवा 'बेअर' लिहिलेलं खोकं स्वस्त दिसतं, पण त्यात बॅटरी आणि चार्जर नसतो. ते दोन्ही वेगळं घ्यायला गेलात तर अनेकदा ड्रिलपेक्षा महाग पडतं.

टॉर्कचं, म्हणजे फिरवण्याच्या जोराचं, फार मनावर घेऊ नका. खोक्यावर ठळक छापलेला न्यूटन-मीटरचा आकडा 'हार्ड' टॉर्क असतो, म्हणजे लोखंडावर बोल्ट टेकून मशीन अडेपर्यंतचा क्षणभराचा जोर. लाकडात स्क्रू जाताना कामाला येतो तो 'सॉफ्ट' टॉर्क, आणि तो साधारण निम्मा असतो. १२ व्होल्टच्या चांगल्या ड्रिलचा हार्ड टॉर्क ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. १९ मिमी प्लायमध्ये ३५ मिमी लांबीचा ८ नंबरचा स्क्रू पिळायला त्याच्या एक चतुर्थांशही लागत नाही. उलट ६० न्यूटन-मीटरचं मशीन भिंतीत अडकलं तर बिट थांबतं आणि मशीन फिरतं, तुमच्या मनगटासकट. अशा मशीनला बाजूचा दांडा मिळतो, तो खोक्यातच ठेवायचा नसतो.

ब्रशलेस घ्यावं का? रोज काम करणाऱ्याने घ्यावं. त्यात मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश घासत नाहीत, बॅटरी जास्त वेळ पुरते, मशीन आखूड असतं. घरी महिन्याला दहा मिनिटं चालणाऱ्या साध्या मोटरचे कार्बन वर्षानुवर्षं टिकतात आणि बदलले तरी स्वस्तात होतं. ब्रशलेसचं सर्किट गेलं तर खर्च मोठा. तेच पैसे दुसऱ्या बॅटरीत घाला.

गिअर मात्र दोन हवेतच. वरच्या सरकपट्टीवर १ आणि २ लिहिलेलं असतं. १ म्हणजे मिनिटाला साधारण ४०० फेरे आणि जोर जास्त, स्क्रूसाठी आणि मोठ्या भोकांसाठी. २ म्हणजे १,३०० ते १,५०० फेरे, भिंतीसाठी आणि लहान बिटांसाठी. हॅमर १ वर चालवला तर ठोकेच कमी पडतात, ही चूक फार जण करतात. मशीन फिरत असताना गिअर बदलायचा नाही, दाते खातात.

दुकानात हातात घेऊन बघण्यासारख्या तीनच गोष्टी. ट्रिगर अगदी हलका दाबा: चक गोगलगाईसारखा सरकत सुरू व्हायला हवा. झटका देऊन एकदम वेगात गेला तर टाइलवर बिट घसरणार हे नक्की. दुसरं, पूर्ण वेगात नेऊन ट्रिगर सोडा: ब्रेक असेल तर चक जागच्या जागी थांबतो. तो दोन-तीन सेकंद घरंगळत राहिला तर स्क्रू हवा तिथे थांबवता येणार नाही. तिसरं, ६ मिमीचं नवं सरळ बिट लावून हळू फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक हवेत वर्तुळ काढत असेल तर चक किंवा शाफ्ट वाकडा. अशा ड्रिलने ६चं भोक ७चं पडतं आणि गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकायचा प्लास्टिकचा प्लग) आत नुसती फिरते. ऑनलाइन घेतलंत तर हीच तपासणी परत करायची मुदत संपायच्या आत करा.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी अशा ठिकाणी भाव कमी मिळतो, पण तिथेही पक्कं बिल आणि बिलावर सिरियल नंबर मागून घ्या. ओळखीच्या कंपनीचा रंग आणि नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, असा मालही तिथेच असतो. तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का ते आधी बघा. हमी किती महिन्यांची, बॅटरी तिच्यात येते का, हे खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. बॅटरी आणि कार्बन पुष्कळदा वगळलेले असतात.

ड्रिलइतकाच विचार बिटांचा करा, इथे लोक फार कंजुषी करतात. खोक्यासोबत आलेली शंभर तुकड्यांची पेटी दिसायला भरगच्च, पण भिंतीत दोन भोकांत टोक गोल होतं आणि मग दोष ड्रिलला. चांगल्या कंपनीची सुटी बिटं घ्या: भिंतीसाठी ६ आणि ८ मिमीची कार्बाइड टोकाची दोन-दोन, लाकडासाठी ३ मिमीचं, लोखंडासाठी ४ आणि ६ मिमीची एचएसएस (हाय-स्पीड स्टीलची), टाइलसाठी भाल्यासारख्या टोकाचं ६ मिमी. स्क्रू पिळायला पीएच-२ची (फुलीसारख्या टोकाची) पाच-सहा, ती संपतातच. भिंतीचं बिट लोखंडाला आणि लोखंडाचं भिंतीला लावलं की दोन्ही गेली.

एक भोक नीट पाडून बघू. विटेची भिंत, शेल्फचं ब्रॅकेट, ८ मिमीची गिट्टी. आधी वायर कुठून गेली असेल ते बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच पातळीत आडवं भोक पाडायचं नाही. बाथरूममध्ये नळाच्या आणि गिझरच्या रेषेत नाही. शंका असेल तर मेन बंद, ड्रिल बॅटरीवर आहे ना. खुणेवर मास्किंग टेप लावा आणि खिळ्याने हलकासा खळगा करा, म्हणजे बिट सरकणार नाही. गिट्टी ५० मिमीची असेल तर बिटावर टोकापासून ६० मिमीवर टेपचा वेढा द्या. ते दहा मिमी जास्त यासाठी, की पूड तळाशी साचते आणि गिट्टी पूर्ण बसत नाही. सुरुवात हॅमर बंद ठेवून, हळू. गिलाव्यात तीन-चार मिमी खाच झाली की थांबा, कॉलर हातोडीवर, गिअर २, आणि आता अंगाचा भार देत सरळ रेटा. कोपर मशीनच्या मागे एका रेषेत हवं, वरून दाबलं तर भोक अंडाकार होतं. दर आठ-दहा सेकंदांनी बिट फिरतं ठेवूनच बाहेर ओढा, पूड निघून जाऊ द्या. टेप भिंतीला टेकली की बास. आतली पूड बारीक नळीने फुंकून काढा, डोळे मिटून नव्हे, चष्मा लावून. गिट्टी हातोडीच्या दोन-तीन हलक्या टिचक्यांत आत जायला हवी. बोटाने सहज गेली तर भोक मोठं झालंय. जोराने ठोकावी लागली तर पूड आत आहे. स्क्रूची जाडी ८च्या गिट्टीला ५ मिमी बरी. शेल्फला २५ मिमीची गिट्टी कधीच नको, तिच्यातली निम्मी तर गिलाव्यातच असते.

स्क्रू पिळताना कॉलर आकड्यांवर आणायची, हातोडीवर किंवा ड्रिलच्या चिन्हावर नाही. ४-५ पासून सुरू करा. 'कट-कट' आवाज येऊन स्क्रू वर राहिला तर दोनने वाढवा. तो आवाज बिघाडाचा नाही, क्लचचा आहे, म्हणजे ठरलेला जोर आला की पिळणं थांबवणाऱ्या सोयीचा. पार्टिकल बोर्डच्या कपाटात क्लच न लावता पिळलं तर स्क्रू आत जाऊन फिरतच राहतो आणि भोक कायमचं बाद.

सिपोरेक्समध्ये हॅमर अजिबात नको. ठोक्यांनी आतला ब्लॉक भुगा होतो आणि ८चं भोक १०चं होतं. नुसतं फिरवून पाडा, गिट्टीच्या मापापेक्षा १ मिमी लहान पाडलं तर पकड आणखी चांगली. टीव्हीसारखं वजन असेल तर एएसीसाठीच्या खास लांब नायलॉन गिट्ट्या मिळतात, त्याच घ्या.

टाइलवरही हॅमर बंद, गिअर १, भाल्याचं टोक, आणि कुणीतरी पाण्याची बाटली धरून थेंब-थेंब सोडत राहायचं. टाइल आरपार झाली की बिट बदलून मग हॅमर. टाइलच्या कडेपासून दोन सेंमीच्या आत भोक नको. आधी बोटाने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर मागे सिमेंट नाही, ती टाइल तडकणार. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलला भाल्याचं बिट हात टेकतं, तिला हिऱ्याचा लेप असलेलं नळीसारखं बिटच लागतं.

खिडकीची स्टीलची जाळी किंवा ग्रिल असेल तर उलटं तंत्र: वेग कमी, दाब जास्त, तेलाचा थेंब. ८ मिमीच्या बिटाला साध्या लोखंडात मिनिटाला हजारच्या आसपास फेरे ठीक, स्टेनलेसमध्ये त्याच्या निम्मे. स्टेनलेसवर बिट नुसतं घासत राहिलं की ती जागा कडक होते आणि मग नवं बिटही तिथे चालत नाही.

बॅटरीची निगा थोडक्यात. ड्रिल महिनोन्महिने वापरायचं नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, काढून ठेवा, आणि तीन महिन्यांनी एकदा बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत पडून राहिली तर सेल इतके खाली जातात की चार्जर तिला ओळखतच नाही. मेमध्ये विदर्भात गाडीच्या डिकीत ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य हाताने कमी करणं. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या. छताला भोक पाडताना पूड थेट चकमध्ये आणि मोटरच्या हवेच्या फटींत जाते, ड्रिल आतून खराब होण्याचं हे मोठं कारण. जुना टेनिस बॉल अर्धा कापून बिटात ओवला की सगळी पूड वाटीत पडते. कोकणातल्या पावसात चकला आणि बिटांना गंज धरतो, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

अमेरिकेतून कुणी भाऊ-वहिनी स्वस्तात ड्रिल आणत असतील तर चार्जर आधी वाचा. तिकडचे बहुतेक चार्जर १२० व्होल्टचे असतात. नुसता पिन बदलून आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला तर पहिल्याच दिवशी जळतो. आणि सुट्या बॅटऱ्या विमानात केबिनच्या सामानातच न्याव्या लागतात.

आता तुमच्या ठाण्याच्या घराचं. भिंती ब्लॉकच्या निघाल्या तर हॅमरवालं १२ व्होल्ट (हॅमर लिंटेलसाठी, ब्लॉकसाठी नाही), दोन बॅटऱ्या, ओळखीच्या कंपनीचं, उरलेल्या पैशांची बिटं. मायवान निघाली तर १२ व्होल्टचं बिनहॅमरचं घेतलं तरी चालेल, कारण काँक्रीटची भोकं त्याने पाडायचीच नाहीत. घर लावताना एकदाच पडणारी पंचवीस-तीस भोकं एका दुपारी रोटरी हॅमरने उरकून घ्या, भाड्याने आणा किंवा इलेक्ट्रिशियनला मशीनसकट बोलवा. छताला काही टांगायचं असेल तर स्लॅब पोस्ट-टेन्शनचा आहे का हे सोसायटीकडून लेखी विचारल्याशिवाय तिथे बिट लावू देऊ नका. त्यात ताणलेल्या केबल असतात, त्यातली एक कापणं परवडणार नाही. भिंतीत मध्येच बिट किंचाळून थांबलं तर ती सळई आहे, कापत बसू नका, भोक २५ मिमी बाजूला घ्या. मशीन येण्याच्या आदल्या रात्री घरभर फिरून प्रत्येक जागी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, त्यावर पेन्सिलने फुली आणि शेजारी लिहा ६ की ८, आणि किती खोल. रॉड, आरसा, घड्याळ, देवघर, कपड्यांची दोरी, राउटर. राउटरचं नेहमी राहून जातं.